जिन्याच्या माथ्यावरचा निरोप

आमच्या वाडीत संध्याकाळची घंटा ऐकू आली की आजी जिथे असेल तिथे थांबायची. विहिरीतून पोहरा अर्ध्यावर आलेला असला तरी दोर पायाखाली दाबून धरायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि तिचे ओठ हलायला लागायचे. तीन वेळा ‘नमो मरिया’, आणि मधे मधे देवदूत काय म्हणाला, मरिया काय म्हणाली, त्याची एकेक ओळ. आमेन झालं की पदर मागे, पोहरा वर. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. पानवेलींना पाणी सोडणारे आजोबा, पलीकडच्या बागेतली माणसं, सायकल हातात धरून रस्त्याने चाललेला कुणी, सगळे तेवढ्यापुरते उभे राहायचे.

वसईच्या ख्रिस्ती घरांत हिला देवदूताची प्रार्थना म्हणतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दिवसातून तीनदा. ही घंटा थकलेल्या माणसांनी पाठ सरळ करावी म्हणून आहे, असं मला लहानपणी वाटायचं. धर्मशिक्षणाच्या वर्गात कळलं की तीनही वेळा आपण एकच प्रसंग आठवतो. नाझरेथ गावात एका मुलीकडे गाब्रिएल देवदूत येतो, तुला मुलगा होईल, त्याचं नाव येशू ठेव, असं सांगतो. ती घाबरते, विचारते, आणि शेवटी हो म्हणते. लूकच्या शुभवर्तमानात हा प्रसंग अवघ्या १३ वचनांचा आहे. आमच्या सिस्टर त्याला ‘देवदूताचा निरोप’ म्हणायच्या, आणि मला तो शब्द फार आवडायचा. सांगावा म्हणजेही निरोप, आणि निघालेल्या माणसाला आपण देतो तोही निरोपच. त्या १३ वचनांतलं शेवटचं अर्धं वाक्य असं आहे, की मग देवदूत तिच्यापासून निघून गेला.

एवढं सगळं सांगायचं कारण, गेल्या मार्चमध्ये मी फ्लोरेन्सला सान मार्को मठाचा जिना चढले.

मुलगी मिलानला नोकरी करते. तिच्याबरोबर दोन दिवस फ्लोरेन्सला गेले होते. सान मार्को हा एकेकाळी डॉमिनिकन या ख्रिस्ती धर्मबंधूंच्या संघाचा मठ होता, १८६९पासून तिथे संग्रहालय आहे. खालच्या चौकाभोवती कमानींची ओसरी आहे, तिच्या पलीकडून दगडी जिना वर जातो. जिना मधे वळतो. वळेपर्यंत समोर कोरी भिंत असते. वळलं की वरच्या टोकाला, दाराच्या चौकटीत, एक देवदूत गुडघा वाकवून उभा असलेला दिसतो. प्रत्येक पायरीला तो थोडा मोठा होतो, त्याच्यासमोर बसलेली मरिया दिसायला लागते, आणि शेवटच्या पायरीवर आपण अगदी त्यांच्या अंगणात पोचलेलो असतो.

फ्रा आंजेलिको या पंधराव्या शतकातल्या चितारी धर्मबंधूचं हे भित्तिचित्र म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवलेली भिंतच. त्यात सामान फार थोडं आहे. कमानींची ओसरी, जशी खाली आत्ताच ओलांडली तशीच. मरिया बसली आहे ते साधं लाकडी तिपाई स्टूल. तिचे हात छातीशी एकमेकांवर, देवदूताचेही तसेच. तिच्यामागे एक उघडं दार, आतल्या खोलीला गजांची छोटी खिडकी, बाकी खोली रिकामी. डाव्या हाताला फुलांनी भरलेलं गवत आणि त्याला लाकडी फळ्यांचं कुंपण. जुन्या करारातल्या ‘गीतरत्ना’त बंदिस्त बागेची उपमा आहे, ती पुढे मरियेला लागली, तेच हे कुंपण. पण मला आधी आठवली ती आमच्या वाडीची कूड. देवदूताचे पंख पट्ट्यापट्ट्यांचे, आणि त्यांच्या रंगात चमकणारे बारीक कण मिसळलेले आहेत. आपण जरा डावी-उजवीकडे झालो की पंखांवर चकाकी फिरते.

चित्राच्या खालच्या कडेला लॅटिनमध्ये एक ओळ आहे. तिचा अर्थ असा: कुमारी मरियेच्या प्रतिमेसमोरून जाताना सांभाळ, ‘आवे’, म्हणजे आपलं ‘नमो’, म्हणायचं राहून जायला नको.

मुलीने ती फोनवर शोधून वाचून दाखवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, तू आधीच म्हणालीस की! ओठ हलत होते तुझे.”

मला कळलंही नव्हतं. पंचेचाळीस वर्षांची सवय होती ती, बाकी काही नाही. पण तेव्हापासून या चित्राबद्दल माझ्या डोक्यात जे सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

आदल्या दिवशी आम्ही उफ्फीत्सी संग्रहालयात हाच प्रसंग भिंतीभिंतीवर पाहिला होता. पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्समध्ये हा विषय सगळीकडेच होता, आणि त्यामागे कारण होतं. २५ मार्च हा या निरोपाचा सण, नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधीचा. फ्लोरेन्समध्ये १७५०पर्यंत नवं वर्षच २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे हिशेबाच्या वह्या, करारपत्रं, भाडेचिठ्ठ्या, सगळ्यांचा पहिला दिवस मरियेच्या होकाराचा. सान मार्कोपासून पाच मिनिटांवर सांतिस्सिमा आनुन्त्सियाता नावाचं चर्च आहे. तिथल्या निरोपाच्या चित्रात मरियेचा चेहरा चितारी झोपलेला असताना देवदूताने येऊन पुरा केला, अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक तिथे मेणाच्या प्रतिमा वाहायचे, कधी माणसाच्या उंचीच्या, आणि त्या इतक्या झाल्या की छतापासून टांगाव्या लागल्या. वांद्र्याच्या माऊंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकत घेऊन वाहणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. मलाही वाटलं नाही.

आणि लोक ही चित्रं वाचायचे. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर उफ्फीत्सीतल्या सगळ्या मरिया मनात पुन्हा एकदा बघाव्या लागल्या. रोबेर्तो काराच्चोलो नावाचा एक नावाजलेला प्रवचनकार होता. त्याने या तेवढ्याशा संवादातल्या मरियेच्या मनाच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. पहिली, खळबळ. दुसरी, विचार: हे कसलं अभिवादन? तिसरी, प्रश्न: हे कसं होईल? चौथी, शरणागती: मी प्रभूची दासी. आणि पाचवी, देवदूत निघून गेल्यावर तिला लाभलेलं पुण्य. प्रवचनाला बसलेल्या बायकापुरुषांना हे तोंडपाठ असणार. मग चित्रासमोर उभं राहिलं की ते पाहायचे, ही कुठली मरिया? दचकलेली की विचारणारी? सिमोने मार्तीनीने १३३३मध्ये रंगवलेली मरिया अंग चोरून, झगा गळ्याशी ओढून मागे सरकते. ती पहिल्या अवस्थेतली. बोत्तिचेल्लीची मरिया उभ्या उभ्या वळते, एक हात थोपवल्यासारखा पुढे येतो. या खळबळीचा अतिरेकही होत असे. लिओनार्दोने आपल्या टिपणांत लिहिलं आहे की त्याने एक चित्र पाहिलं, त्यात देवदूत मरियेला जणू खोलीतून हाकलून लावतोय आणि ती वैतागून खिडकीतून उडी टाकेल असं वाटत होतं.

सान मार्कोच्या जिन्यावरची मरिया चौथ्या अवस्थेतली आहे. प्रश्न विचारून झालेत. हात छातीशी आलेत.

पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. सिमोने मार्तीनीच्या चित्रात देवदूताच्या तोंडातून सोन्याची अक्षरं निघतात आणि सरळ मरियेच्या कानाकडे जातात: आवे, कृपापूर्णे, प्रभू तुझ्याबरोबर आहे. फ्रा आंजेलिकोनेही हे केलं होतं. सान मार्कोच्या काही वर्षं आधी त्याने कोर्तोना गावातल्या चर्चसाठी हाच प्रसंग रंगवला, त्यात देवदूत आणि मरिया यांच्यामधे सोनेरी शब्दांच्या ओळी आहेत. मरियेचं उत्तर तर उलटं लिहिलेलं आहे, वरून देवाला वाचता यावं तसं. सान मार्कोच्या जिन्यावर मात्र त्याने ते शब्द काढून टाकले. दोघांच्या मधे एक खांब आहे आणि मोकळी हवा. शब्द खाली, चौकटीच्या कडेला गेले, आणि तिथेही ते देवदूताचे शब्द नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिलेली ताकीद आहे.

म्हणजे ‘आवे’ हा शब्द चित्रात कुठे उच्चारलाच जात नाही. तो उच्चारायचा तो जिना चढून आलेल्याने. चित्र तिथे अर्धं ठेवलं आहे. मधली जागा धर्मबंधूंच्या आवाजासाठी राखलेली आहे, आणि तो आवाज दिवसातून अनेकदा यायचा, रात्रीच्या प्रार्थनेला उठून खाली जाताना, परत येताना. हातातल्या दिव्याने पंख चमकत असतील तेव्हा. आणि जो ‘आवे’ म्हणतो तो कुणाचं वाक्य म्हणतो? गाब्रिएलचं. ‘नमो मरिया’ हे मुळात देवदूताचं बोलणं. आजी दोर पायाखाली दाबून उभी राहायची तेव्हा ती देवदूताचा निरोप पुन्हा पोचता करत होती. ही गोष्ट मी आयुष्यभर रोज म्हणत आले आणि ती मला या भिंतीसमोर कळली.

या फ्रा आंजेलिकोबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचं मूळ नाव ग्वीदो दी पिएत्रो, गाव फ्लोरेन्सच्या उत्तरेच्या मुजेल्लो खोऱ्यातलं. १४१७च्या सुमारास तो चितारी म्हणून नोंदवलेला सापडतो, पुढे डॉमिनिकन संघात जाऊन तो ब्रदर जोव्हान्नी झाला. ‘आंजेलिको’, देवदूतासारखा, हे लोकांनी त्याच्यामागे दिलेलं नाव. प्रार्थना केल्याशिवाय तो कुंचला हातात घेत नसे आणि क्रुसावरचा येशू रंगवताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने शंभर वर्षांनी लिहून ठेवलं. मला ते खरं वाटतं. पण त्यामुळे तो कोपऱ्यात बसून रडणारा भाबडा साधू होता असं समजणं बरोबर नाही. त्याच्या हाताखाली मदतनिसांची फळी होती, पोपने त्याला रोमला बोलावून घेतलं होतं, फ्लोरेन्सजवळच्या फिएझोलेच्या मठाचा तो प्रमुख झाला. लिननच्या कापडाच्या व्यापारीसंघाने १४३३मध्ये त्याच्याकडून एक मोठी मरियाप्रतिमा करून घेतली, तिचा करार उपलब्ध आहे. सोनं, निळा आणि रुपेरी रंग चांगल्यात चांगले वापरायचे, मोबदला १९० फ्लोरिन (फ्लोरेन्सची सोन्याची नाणी), किंवा त्याच्या सद्सद्विवेकाला जेवढं कमी योग्य वाटेल तेवढं. करारपत्रात असं वाक्य मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

निळ्याचं एवढं काय, तर तो निळा येत होता बदख्शानहून. आजच्या अफगाणिस्तानातल्या त्या डोंगरांत लाजवर्दाच्या खाणी आहेत. तिथून उंटांवरून, मग समुद्रमार्गे व्हेनिसला, म्हणून त्या रंगाचं नाव अल्ट्रामरीन, समुद्रापलीकडचा. दगड कुटून, मेण-राळेच्या गोळ्यात मळून, क्षाराच्या पाण्यात पुन्हा पुन्हा दाबून त्यातला निळा बाहेर काढायचा. पहिला निघतो तो सगळ्यात गडद आणि सगळ्यात महाग. फ्लोरेन्सच्या अनाथालयासाठी गिर्लांदाय्योने १४८५मध्ये जो करार केला, त्यात मजुरीसकट सगळ्या चित्राचे ११५ फ्लोरिन ठरले आणि निळा औंसाला चार फ्लोरिनच्या भावाचाच हवा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मरियेचा झगा निळा का, याचं भक्तीतलं उत्तर असेल ते असो. बाजारातलं उत्तर हे, की सगळ्यात मोलाचं ते तिच्या अंगावर घालायचं. आपल्याकडे देवीला शालू नेसवतात, तीच माया.

सान मार्कोचा पैसा कोसिमो दे मेदिचीचा. तो युरोपातला बडा सावकार, आणि व्याज घेणं हे त्या काळी चर्चच्या लेखी पाप. तो हद्दपारी भोगून १४३४मध्ये परतला, दोन वर्षांनी पोपने हा पडीक मठ डॉमिनिकनांना दिला. वेस्पासियानो नावाच्या पुस्तकविक्रेत्याने कोसिमोचं चरित्र लिहिलं आहे. त्यात तो सांगतो, की आपल्याकडचा काही पैसा बरोबर मार्गाने आलेला नाही ही बोच कोसिमोला होती, तेव्हा पोपने त्याला या मठावर १०,००० फ्लोरिन खर्च कर असं सांगितलं, आणि त्याने ४०,०००च्या वर खर्च केले. मिकेलोत्सो या वास्तुकाराने मठ नवा बांधला, १४४३मध्ये तीन राजांच्या सणाला पोपच्या उपस्थितीत त्याचं अर्पण झालं. खाली चर्चच्या मुख्य वेदीसाठी आंजेलिकोने जे चित्र केलं त्यात सोनं आहे, निळा आहे, पायाशी तुर्की गालिचा आहे, आणि पुढ्यात कोस्मास आणि दामियान हे दोन वैद्य संत गुडघे टेकून आहेत. मेदिची म्हणजे वैद्य, म्हणून ते त्या घराण्याचे पाठीराखे. वेदीवर देणाऱ्याची सही होतीच.

आणि वरच्या मजल्यावर, जिथे धर्मबंधू झोपायचे, तिथे हाच माणूस, त्याच वर्षांत, अगदी वेगळं काहीतरी करत होता.

वरच्या मजल्यावर चाळीसहून जास्त खोल्या आहेत. प्रत्येक खोली अडीच-तीन माणसं दाटीने झोपतील एवढी. पांढरी भिंत, एक लहानशी कमानदार खिडकी, आणि खिडकीच्या शेजारी तेवढ्याच कमानीत एक चित्र. संघात नव्याने आलेल्या उमेदवारांच्या खोल्यांच्या ओळीत क्रुसावरचा येशू आणि पायाशी संत डॉमिनिक, खोलीमागून खोली तेच. फक्त डॉमिनिकची ढब बदलते. एकीकडे हात पसरलेले, एकीकडे तोंड झाकलेलं, एकीकडे स्वतःच्या पाठीवर आसूड. प्रार्थनेत शरीर कसं धरायचं याच्या नऊ रीती डॉमिनिकच्या नावाने संघात शिकवल्या जात. नव्या मुलाने भिंतीकडे बघायचं आणि तसं उभं राहायचं.

तिसऱ्या खोलीत पुन्हा देवदूताचा निरोप आहे. जिन्यापासून काही पावलांवर. पण जिन्यावरचं चित्र मनात ठेवून इथे आलं की वाटतं, कुणीतरी घर झाडून स्वच्छ केलंय. बाग नाही. कुंपण नाही. नक्षीचे खांब नाहीत. एक रिकामी घुमटी खोली, तिची भिंत आणि आपण उभे आहोत त्या खोलीची भिंत यांत फरक करता येऊ नये इतकी सारखी. देवदूत गुलाबी झग्यात सरळ उभा, मरिया एका बुटक्या बाकावर गुडघे टेकून, हातात पुस्तक, मान किंचित पुढे. कापड फिकट, जवळजवळ भिंतीच्याच रंगाकडे झुकणारं. बदख्शानचा तो निळा इथे मिरवत नाही. डाव्या कडेला, घराबाहेर, डोक्यावर जखम असलेला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेलेला, संत पीटर हात जोडून बघतोय. तोही डॉमिनिकन, त्याच पांढऱ्या-काळ्या वेषातला. खोलीत राहणाऱ्याने कुठे उभं राहायचं तेवढं दाखवायला तो आहे.

शिवाय खिडकी शेजारीच आहे. डोळ्यांवर उजेड येतो आणि चित्र क्षणभर दिसतच नाही. डोळे निवळेपर्यंत थांबावं लागतं. मग भिंतीतून तो पांढरेपणा हळूहळू आकार घ्यायला लागतो. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, आणि वेळ जाईल तसं मला त्या चित्रात आणखी काही दिसलं, असं अजिबात झालं नाही. उलट काही दिसायचंच नव्हतं तिथे. जे होतं ते पहिल्या मिनिटात दिसलं होतं. पण निघावंसं वाटेना.

वेदीवरचं चित्र अनेकांसाठी असतं. सणावारी, लांबून, गर्दीतून दिसायला हवं, म्हणून त्याला सोनं लागतं. जिन्यावरचं चित्र येणाऱ्याजाणाऱ्यासाठी, म्हणून त्याला बाग आणि चमकणारे पंख, पावलं थांबावीत म्हणून. तिसऱ्या खोलीतलं चित्र एका माणसासाठी होतं. तो माणूस त्यातल्या मरियेबरोबर कदाचित आयुष्यभर राहणार होता, आजारी पडणार होता, कंटाळणार होता, रात्री जागा राहणार होता. इतकी वर्षं कुणाबरोबर राहायचं तर त्याने सतत बोलून चालत नाही.

मठाचे प्रमुख होते अँतोनिनो, पुढे फ्लोरेन्सचे आर्चबिशप झाले आणि नंतर संत. त्यांच्या मोठ्या ग्रंथात चितार्‍यांवर एक परिच्छेद आहे. त्यात ते चिडून सांगतात, की निरोपाच्या चित्रात काही लोक छोटंसं घडवलेलं बाळच वरून मरियेच्या उदरात उतरताना दाखवतात, जणू येशूचं शरीर तिच्या रक्तमांसाचं नव्हतंच. आणि संतांच्या कथांमध्ये माकडं, सशामागे धावणारे कुत्रे, कपड्यांचा उगाच थाट रंगवतात, त्याने भक्ती जागी होत नाही, हसू येतं. हे वाचून मी त्यांना कडक म्हातारा समजले होते. तिसऱ्या खोलीत उभं राहिल्यावर वाटलं, त्यांना चित्र कमी नको होतं, चित्रातलं लक्ष कमी व्हायला नको होतं. आंजेलिको त्यांच्याच संघातला, त्यांच्याच सहवासातला. दोघांचं या विषयावर बोलणं झालं असेल असं मला मनापासून वाटतं.

अशा भिंतीचं काम कसं चालतं ते मला थोडंफार ठाऊक आहे, कारण माझे मामा गवंडी होते आणि चुन्याच्या कामाचा त्यांना अभिमान होता. चुना भट्टीतून येतो, पाण्यात विझवून मुरवत ठेवतात, मग वाळूत घोटून भिंतीवर ओढतात. ओल्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावला, की चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. रंग त्या दगडाच्या आत अडकतो. डिंक नको, अंडं नको. पण त्यासाठी गिलावा ओलाच हवा, म्हणून चितारी सकाळी दिवसभरात पुरेल एवढाच तुकडा लिंपून घेतो. इटालियनमध्ये त्या तुकड्याला ‘जोर्नाता’ म्हणतात, म्हणजे एक दिवस. तिरप्या उजेडात भिंत बघितली की त्या दिवसांच्या कडा दिसतात. मामा म्हणायचे, गिलाव्याला परत हात लावायचा नसतो, एकदा ओढला की सोडून द्यायचा. तिसऱ्या खोलीतली मरिया अशीच थोड्या दिवसांत झालेली असणार. चेहरा बहुतेक एका दिवसात. त्या हाताला परत फिरायची सोय नव्हती, आणि त्या चेहऱ्यावर कुठेही घाई दिसत नाही.

याच मठाचा प्रमुख पुढे साव्होनारोला झाला. त्याने १४९७मध्ये फ्लोरेन्सच्या चौकात आरसे, गंजिफा, दागिने आणि चित्रं जाळली, आणि पुढच्याच वर्षी त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळलं. तो या जिन्यावरूनच चढत-उतरत होता, रोज हे चित्र बघत होता. त्यावर मला इथे जास्त काही लिहायचं नाही. ते वेगळं दुःख आहे.

परत आल्यावर एका रविवारी मी वसईच्या किल्ल्यात गेले. तिथे पडक्या चर्चांमध्ये एक डॉमिनिकनांचं आहे. छप्पर केव्हाच गेलं, भिंतींवर पिंपळ आणि पोपट. सान मार्कोच्या त्या पांढऱ्या-काळ्या वेषातली माणसं इथेही राहत होती, त्यांच्याही खोल्या असणार, भिंतीवर काहीतरी असणार. आता चुन्याचे पोपडे आहेत. चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चांच्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकरच्या देवळासमोरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. मेणवलीच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे. कधीकाळी दिवसातून तीनदा देवदूताची प्रार्थना सांगणाऱ्या त्या घंटा आज आरतीला वाजतात. मेणवलीला मी ती हाताने वाजवून पाहिली आहे, आणि तिथेही ओठ हलले होते.

मरियेला आपल्या ओसरीत आणून बसवणं फक्त फ्लोरेन्सवाल्यांना जमलं असंही नाही. आंजेलो द फोन्सेका हा गोव्याचा चित्रकार, शांतिनिकेतनात शिकून आला आणि मरियेला साडीत रंगवू लागला. गोव्यात त्याला विरोध झाला. तो पुण्याला आला, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला, १९६७मध्ये वारला. त्याच्या मरिया सावळ्या आहेत, जमिनीवर बसतात. त्याच्यावर रागावलेल्यांना मला सान मार्कोचा जिना दाखवायचा होता. नाझरेथमध्ये मिकेलोत्सोच्या कमानी कुठून आल्या? आंजेलिकोने मरियेला आपल्याच मठाच्या ओसरीत, आपल्याच खोलीत बसवलं. तो निरोप दूरच्या कुणाला दिला होता असं त्याला वाटतच नव्हतं.

त्या दिवशी सान मार्को दुपारी दोनच्या आत बंद होणार होतं. रखवालदारीणबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन खोल्याखोल्यांतून हाका मारत आल्या. मुलगी म्हणाली, “आई, चल ना, गाडीची वेळ होईल.” आम्ही परत जिन्याच्या माथ्याशी आलो. समोरून आणखी दोघी-तिघी निघाल्या होत्या, सगळ्या त्या चित्रापाशी क्षणभर रेंगाळत होत्या.

लूकच्या वचनात देवदूत निघून जातो. इथे तो गेलेला नाही. पावणेसहाशे वर्षं तो गुडघा वाकवून उभाच आहे, मरिया तिपाईवर बसून आहे, आणि त्यांच्यासमोरून निघून जातात ती माणसं. मी पदर घेतला नव्हता, स्कार्फ होता, तो डोक्यावर ओढला. ‘नमो मरिया’ या वेळी मोठ्याने म्हटलं, तीनदा नाही, एकदाच. रखवालदारीणबाईंनी वळून बघितलं आणि किल्ल्या हातात घट्ट धरून, त्या वाजू नयेत अशा, माझं होईपर्यंत थांबल्या.